एक कंपनी, चार गावं : नाशिक पट्ट्यात तंत्रज्ञान उद्योग आणायचा तर गावांची भागीदारी कशी बांधायची

पुण्यामुंबईची एखादी सॉफ्टवेअर कंपनी दुसऱ्या शहरात शंभर माणसांचं ऑफिस काढायचं ठरवते तेव्हा चारच गोष्टी विचारते. माणसं मिळतील का, ती रोज वेळेवर पोचतील का, वीज आणि इंटरनेट टिकेल का, आणि बसायला जागा आज तयार आहे का. गावाची हद्द कुठे संपते हे ती विचारत नाही. नाशिक पट्ट्यात या चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली आहेत. माणसं आणि राहती घरं नाशकात, मोकळी जमीन सिन्नर-दिंडोरीकडे, विमानतळ ओझरला, समृद्धीचे इंटरचेंज सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत, इंजिनिअरिंगची मुलं चांदवड, कोपरगाव, संगमनेरपर्यंत. आणि तरी प्रत्येक गाव आपलं वेगळं माहितीपत्रक घेऊन मंत्रालयाची पायरी चढतं. कंपनीच्या माणसाला तीन फोन येतात, तिन्हींत आकडे वेगळे असतात, आणि मग तो इंदूर किंवा कोइमतूर बघायला जातो.

उद्योजक संघटनांचे पदाधिकारी, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सरपंच आणि कॉलेजांचे प्राचार्य यांच्यापैकी कुणीही या गावांना एकत्र बांधणारी भागीदारी सुरू करू शकतं. फक्त क्रम चुकवू नये. आधी कोणाचा वाटा काय ते कागदावर, मग पाहुणा. उलटं केलं की पहिल्याच चौकशीला भांडण ठरलेलं.

भागीदार कोण, हे घड्याळ बघून ठरवा

नकाशावर परकार ठेवून वर्तुळ काढू नका. सोमवारी सकाळी साडेआठला गाडी काढा आणि मोजा. नाशिक-सिन्नर अंतर साधारण ३० किलोमीटर, पण द्वारका चौक आणि नाशिकरोड ओलांडायला लागणारा वेळ किलोमीटरमध्ये दिसत नाही. मुंबई नाका, पाथर्डी फाटा, नाशिकरोड, आडगाव अशा चार-पाच ठिकाणांहून सोमवार आणि शुक्रवार, सकाळ आणि संध्याकाळ अशा फेऱ्या मोजा. कोरड्या दिवसात एकदा आणि जुलैत एकदा. घरापासून ऑफिसपर्यंत ४५ मिनिटांत पोचता येतं ती गावं आतल्या कड्यात, दीड तासापर्यंतची बाहेरच्या कड्यात.

आतल्या कड्यात नाशिक, सिन्नर, ओझर, दिंडोरी आणि वाडीवऱ्हे-गोंदे पट्टा येतो. बाहेरच्या कड्यात इगतपुरी-घोटी, निफाड, पिंपळगाव बसवंत, चांदवड, संगमनेर, कोपरगाव. मालेगाव शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिथली माणसं रोज नाशकात येणार नाहीत आणि नाशिकची तिकडे जाणार नाहीत. मालेगावला दैनंदिन भागीदार म्हणून ओढणं म्हणजे त्या शहराची फसवणूक आहे. त्याचा यंत्रमागाचा आणि कापडाचा वेगळा प्रस्ताव व्हायला हवा.

पहिल्या फेरीत स्थानिक संस्था सहा-सातच घ्या. दहा-बारा झाल्या की बैठकीची तारीखच ठरत नाही. मात्र ग्रामपंचायती वगळू नका. मुसळगाव असो, आक्राळे असो की गोंदे, प्लॉट त्यांच्याच हद्दीत आहेत. एमआयडीसीच्या क्षेत्राबाहेर पाण्याची जोडणी, रस्त्याची खोदाई, ना हरकत दाखला हे सगळं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या टेबलावरून जातं. करारावर सरपंचाची सही नसेल तर काम नेमकं तिथेच अडतं.

संगमनेर-कोपरगाव घ्यायचे असतील तर एक अडचण आधीच ओळखा. जिल्हा नियोजन समितीचा निधी जिल्ह्यापुरता असतो, नाशिकचा पैसा अहिल्यानगर जिल्ह्यात खर्च होत नाही. दोन्ही जिल्हे नाशिक महसूल विभागात येतात, त्यामुळे समन्वयाची बैठक विभागीय आयुक्तांकडे लावता येते. पैशाचे प्रस्ताव मात्र दोन वेगळे करावे लागतात.

नकाशा करताना नावांपेक्षा पिन महत्त्वाची. गोंदे दोन आहेत, एक वाडीवऱ्ह्याजवळ मुंबई महामार्गावर आणि दुसरं सिन्नर तालुक्यात समृद्धीच्या इंटरचेंजपाशी. सिन्नरची माळेगाव एमआयडीसी आणि मालेगाव शहर इंग्रजी कागदावर सारखंच दिसतं. प्रत्येक जागेपुढे अक्षांश-रेखांश छापा, नाहीतर पाहुण्याचा ड्रायव्हर चुकीच्या टोकाला नेऊन सोडेल.

जागांची यादी : इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला

बहुतेक भागीदाऱ्या माहितीपत्रकाच्या डिझाइनवर महिने घालवतात आणि जागांची यादी दुपारच्या चहात उरकतात. कंपनी मात्र त्या यादीवरच निर्णय घेते. म्हणून प्रत्येक जागेवर माणूस पाठवून एकाच नमुन्यात माहिती भरून घ्या.

प्रमाण म्हणून १०० जणांचं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवा. एका माणसामागे साधारण ८० ते १०० चौरस फूट धरले तर ८ ते १० हजार चौरस फूट लागतात. एसी, सर्व्हर, दिवे धरून ८० ते १०० किलोवॅटपर्यंत भार लागू शकतो. पाणी, राष्ट्रीय इमारत संहितेतल्या माणशी रोज ४५ लिटरच्या हिशोबाने, साडेचार हजार लिटर. पार्किंग मुख्यतः दुचाकींचं, पण दहा-पंधरा चारचाकी धराव्यात. आता प्रत्येक जागेबाबत या गोष्टी तपासा:

– भोगवटा प्रमाणपत्र आहे का. 'मिळेलच' हे उत्तर 'नाही' म्हणून लिहा.
– अग्निशमनचा दाखला चालू तारखेचा आहे का.
– जमिनीचा वापर ऑफिसला चालतो का. शेतजमिनीवरची शेड बिगरशेती झाली आहे का, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर आयटी वापराला आणि पोटभाड्याला परवानगी आहे का.
– महावितरणचा मंजूर भार किती, वाढीव भार मिळायला ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल का, आणि गेल्या बारा महिन्यांत त्या फीडरवर (वीजवाहिनीवर) किती वेळा, किती मिनिटं वीज गेली. ही नोंद उपविभागीय कार्यालयाकडे लेखी मागा. शेजारच्या कारखान्याच्या सुपरवायझरलाही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर सुपरवायझरवर विश्वास ठेवा.
– फायबर किती कंपन्यांचं, आणि ते इमारतीपर्यंत कुठल्या रस्त्याने येतं.

शेवटचा मुद्दा कागदावर किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याच्या खास इंटरनेट जोडण्या, घेतल्या म्हणजे सुरक्षित झालो असं लोक समजतात. दोन्ही फायबर एकाच चरातून आली असतील तर जेसीबीचा एक फावडा दोन्ही तोडतो. सिंहस्थ २०२७ मुळे नाशिक परिसरात रस्त्यांची खोदाई जोरात आहे, तेव्हा हा धोका रोजचा आहे. दोन्ही कंपन्यांकडून मार्गाचा नकाशा मागून घ्या आणि इमारतीच्या दोन वेगळ्या बाजूंनी प्रवेश असेल तरच यादीत 'दुहेरी जोडणी' लिहा. तसंच, पालिका आणि ग्रामपंचायतींनी खोदाईची परवानगी देताना सगळ्या फायबर कंपन्यांना ४८ तास आधी कळवायचं, एवढा एक ठराव भागीदारीतल्या सगळ्या गावांनी केला तरी खूप झालं. त्याला पैसे लागत नाहीत.

नाशिकची जमेची बाजू इथे ठळक आहे. मुंबई रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा केंद्रं तिथे आहेत. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे जाऊनयेऊन विलंब काही मिलिसेकंदांचा. बहुतेक कामांना तो जाणवत नाही. ईएसडीएससारखी डेटा सेंटर कंपनी सातपूरमध्ये उभी राहिली, हा उल्लेख नुसत्या दाव्यापेक्षा जास्त पटतो.

यादी तीन वर्गांत ठेवा. उद्या बसता येईल अशी जागा, तीन महिन्यांत तयार होणारी, आणि नुसती जमीन. पहिल्या वर्गात २० ते ३० खुर्च्यांच्या दोन-तीन जागा हव्यातच, कारण कंपन्या सुरुवात तेवढ्यानेच करतात आणि वर्षभर बघून मग वाढतात. दर तीन महिन्यांनी प्रत्येक जागेवर पुन्हा माणूस पाठवा. सहा महिने जुनी यादी पाठवली आणि त्यातल्या दोन जागा भाड्याने गेलेल्या निघाल्या, की उरलेली पानं कुणी वाचत नाही.

नवीन आयटी इमारत बांधा, मग कंपन्या येतील, हा आग्रह प्रत्येक बैठकीत कुणीतरी धरतं. धरू द्या, पण पैसा त्यात टाकू नका. भाडेकरू ठरण्याआधी बांधलेल्या आयटी इमारती राज्यात ठिकठिकाणी वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आहेत.

विकायचं काय

'सगळं आहे' असं सांगणाऱ्याकडे कुणी येत नाही. हिंजवडीशी सर्वसाधारण सॉफ्टवेअर सेवांमध्ये स्पर्धा करू नका, हरणार आहात. नाशिकची ताकद कारखान्यांत आहे. सातपूर-अंबडमधले विद्युत उपकरणांचे आणि वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने, ओझरला विमानं बांधणारी सरकारी कंपनी एचएएल, जिथे बनलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए लढाऊ विमानाचं उड्डाण ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, दिंडोरी-निफाडची द्राक्षं, लासलगावचा कांदा बाजार. यातून नैसर्गिकपणे निघणारे व्यवसाय म्हणजे कारखान्यांचं ऑटोमेशन, यंत्रांच्या आत बसणारं एम्बेडेड सॉफ्टवेअर, यंत्रांचं डिझाइन आणि चाचणी, शेतमालाची प्रतवारी आणि शीतसाखळीची माहिती प्रणाली. या कंपन्यांना ग्राहक याच पट्ट्यात मिळतो, आणि हे त्यांना पुण्याबाहेर क्वचित कुठे मिळेल.

दोन क्षेत्रं निवडा, तिसरं नको. निवडीची कसोटी सोपी आहे: त्या क्षेत्रातले किमान पाच स्थानिक कारखाने 'आम्ही अशा कंपनीला पहिलं काम देऊ' असं लेखी देतात का. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांचे सभासद इथे खरे विक्रेते ठरतात. पाच पत्रं मिळत नसतील तर ते क्षेत्र तुमच्या मनात आहे, बाजारात नाही.

सरकारी सवलतींबद्दल एक सावधगिरी. राज्याचं आयटी धोरण २०२३ चं आहे, जागतिक क्षमता केंद्रांसाठी (परदेशी कंपन्यांच्या इथल्या स्वतःच्या ऑफिसांसाठी) २०२५ चं धोरण आहे, उत्पादन उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. या योजनेत एकाच जिल्ह्यातले तालुके वेगवेगळ्या गटांत पडतात, म्हणून सिन्नरला लागू असलेला आकडा नाशिक तालुक्याला लागू असेलच असं नाही. तुमच्या पत्रकात टक्के छापू नका. धोरणाचं नाव, तालुक्याचा गट आणि राज्याच्या एक-खिडकी मैत्री पोर्टलवर अर्जाची पायरी एवढंच द्या. बाकी हिशोब कंपनीचा सीए करतो, आणि तुम्ही छापलेला टक्का चुकला तर तो तुमच्या सगळ्याच आकड्यांवर शंका घेतो.

वाटणी

सामाईक विहिरीवर मोटर बसवण्याआधीच पाणी धरायच्या पाळ्या ठरतात. तसंच हे आहे.

गावाला कंपनीपासून नक्की काय मिळतं ते आधी समजून घ्या. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, जीएसटी राज्य आणि केंद्राकडे जातो. उरते मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकामाचं विकास शुल्क. समजा सिन्नरच्या हद्दीत १० हजार चौरस फुटांचं ऑफिस झालं आणि त्याची वर्षाची घरपट्टी ३ लाख आली. त्याच ऑफिसात शंभर जण महिना सरासरी ४० हजारांवर काम करत असतील तर पगाराची रक्कम वर्षाला ४ कोटी ८० लाख होते. त्यातले ऐंशी जण नाशकात राहत असतील तर घरभाडं, किराणा, शाळेची फी सगळं नाशकात. म्हणजे घरपट्टी सिन्नरला आणि बाजारपेठ नाशिकला. हा हिशोब पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडा. तो मांडला की 'कंपनी आमच्याच हद्दीत हवी' हा हट्ट अर्ध्याने कमी होतो, आणि खर्चाचा मोठा भाग नाशिकने उचलावा हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या सात काउंटींमध्ये १९७१ च्या कायद्यानुसार व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात होणाऱ्या वाढीतला ४० टक्के हिस्सा सामाईक ठेवून गावांमध्ये वाटला जातो. आपल्याकडे एका पालिकेला दुसरीला कर असा सरळ देता येत नाही, आणि त्यासाठी कायदा होण्याची वाट बघत बसू नये. त्याऐवजी वर्गणी वापरा. प्रत्येक संस्था ठरलेली मूळ वर्गणी देते. ज्या हद्दीत भागीदारीमार्फत कंपनी आली तिची वर्गणी पुढची पाच वर्षं, त्या मालमत्तेच्या नव्या घरपट्टीच्या २० टक्क्यांइतकी वाढते. वरच्या उदाहरणात वर्षाला ६० हजार. रक्कम लहान आहे, पण 'ज्याच्याकडे गेलं त्याने परत टाकलं' हे दरवर्षी दिसतं. हा खर्च अंदाजपत्रकात कुठल्या लेखाशीर्षाखाली बसतो ते आधी लेखापालाला आणि कायदा सल्लागाराला विचारून घ्या. लेखापरीक्षणाचा आक्षेप एकदा निघाला की पुढचा मुख्याधिकारी सही करत नाही.

वार्षिक खर्चाचा एक वास्तव अंदाज ३६ लाखांचा धरा. कंपन्यांशी बोलू शकणारा पूर्णवेळ अधिकारी १५ लाख, जागांची यादी सांभाळणारा सहायक ६ लाख, प्रवास आणि भेटी ५ लाख, नकाशे, छायाचित्रं, संकेतस्थळ ३ लाख, वकील आणि लेखापरीक्षण ३ लाख, राखीव ४ लाख. निम्मे १८ लाख उद्योजक संघटना, कंपन्या आणि कॉलेजांकडून. उरलेल्या निम्म्यात महापालिका ९ लाख, तीन नगरपरिषदा किंवा नगरपंचायती प्रत्येकी अडीच लाख, तीन ग्रामपंचायती प्रत्येकी ५० हजार. अधिकाऱ्याच्या पगारात काटकसर करण्याचा मोह होतो. २५ हजारांवर नेमलेला मुलगा फोन उचलेल, पण कंपनीच्या संचालकासमोर बसून विजेच्या भाराचं उत्तर देऊ शकणार नाही.

करारात पुढची पाच कलमं असली पाहिजेत, बाकी मजकूर वकिलावर सोडा.

पहिलं: एकमेकांच्या कंपन्या पळवायच्या नाहीत. भागीदार गावात आधीच असलेल्या कंपनीशी दुसरं गाव स्वतःहून संपर्क करणार नाही. कंपनी स्वतः आली तर सात दिवसांत मूळ गावाला कळवायचं. अमेरिकेत डेन्व्हर परिसरातल्या गावांनी अशी आचारसंहिता कित्येक वर्षं पाळली आहे. कॅन्सस आणि मिसुरी ही दोन राज्यं एकाच शहराच्या दोन बाजूंना कंपन्या ओढण्यात सवलतींचा पैसा उधळत होती, शेवटी २०१९ मध्ये त्यांनी तह केला. वस्तीच्या एका बाजूची नोकरी दुसऱ्या बाजूला गेल्याने पट्ट्यात एकही नवी नोकरी येत नाही, हे त्यांना खूप पैसे घालवून कळलं.

दुसरं: चौकशी कुठेही आली तरी दोन कामाच्या दिवसांत एकाच अधिकाऱ्याकडे जाईल, आणि गरजेत बसणाऱ्या सगळ्या गावांतल्या जागा कंपनीपुढे एकत्र ठेवल्या जातील. जागा कंपनी निवडते. समितीने त्यावर मतदान करायचं नाही. हे कलम गाळलं तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही.

तिसरं: गुप्तता. कंपनीचं नाव फक्त अधिकारी आणि संबंधित मुख्याधिकारी यांना. बाकी सगळ्यांसाठी 'प्रकल्प क्रमांक ७'. नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलं की दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गट नंबरांचे भाव चढतात, तिसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि चौथ्या दिवशी कंपनी फोन घेत नाही.

चौथं: श्रेय. घोषणा कंपनी करेल त्या दिवशीच, सगळ्या गावांच्या नावाने, बोधचिन्हं एकाच आकाराची. हे लिहिताना हसू येतं, पण फ्लेक्सवरच्या फोटोच्या क्रमावरून तुटलेले करार आहेत.

पाचवं: बाहेर पडण्याची रीत. सहा महिने आधी लेखी सूचना, त्या वर्षाची वर्गणी परत नाही, आणि पळवापळवीचं कलम बाहेर पडल्यावरही दोन वर्षं लागू.

रचना आणि सह्यांचं वेळापत्रक

पहिल्या दिवशी कंपनी स्थापन करू नका. सामंजस्य करार आणि नऊ जणांची समिती पुरेशी आहे. स्थानिक संस्थांचे चार, उद्योजकांचे तीन, कॉलेजांचे दोन. प्रत्येकाला एक मत, महापालिकेलाही एकच. अध्यक्षपद वर्षाने फिरतं आणि पहिल्या वर्षी ते नाशिककडे नको, सिन्नर किंवा ओझरकडे द्या. मोठं शहर बाजूला बसलं की छोट्यांची भीती जाते.

वर्षभर काम झालं आणि पैसा नियमित येऊ लागला की कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी नोंदवा. खाजगी मर्यादित स्वरूपात किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात, नफा वाटता येत नाही, तो उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो. सभासद म्हणून उद्योजक संघटना आणि शिक्षणसंस्था ठेवा. स्थानिक संस्थांना भागधारक करायचं म्हटलं तर शासनाच्या मंजुरीत फाइल अडकते, तेव्हा सुरुवातीला त्या वर्गणी देणाऱ्या आणि समितीवर बसणाऱ्या असाव्यात.

सही नगराध्यक्षाची घेऊन भागत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि ठराव क्रमांक करारात लिहायला हवा. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक पालिकांवर बराच काळ प्रशासक होते. त्या काळात माणसाच्या शब्दावर चाललेली कामं बदलीबरोबर थांबली, ठरावावर चाललेली निदान फाइलीत तरी जिवंत राहिली. पालिकांचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आसपास मंजूर होतं, म्हणून वर्गणीची मागणी डिसेंबरात टेबलावर हवी. मार्चमध्ये गेलात तर वर्ष गेलं. निवडणुकीची आचारसंहिता कधी लागू शकते ते बघून ठरावाच्या सभा त्याआधी उरकून घ्या.

कॉलेजं आणि परतणारी माणसं

के. के. वाघ, संदीप फाउंडेशन, मेट, मविप्रचं इंजिनिअरिंग कॉलेज, सिन्नरजवळ चिंचोलीचं एसव्हीआयटी, चांदवडचं एसएनजेबी, कोपरगावचं संजीवनी, संगमनेरचं अमृतवाहिनी. प्रत्येक ठिकाणी प्लेसमेंट वेगळी, आकडे वेगळ्या पद्धतीने मोजलेले. कंपनीला एकच तक्ता लागतो: शेवटच्या वर्षाला शाखेनुसार किती मुलं, त्यातली किती नाशिक पट्ट्यातच राहायला तयार, आणि कोणत्या प्रोग्रॅमिंग किंवा कंट्रोलरवर हात बसलेला. 'इंटेक' (मंजूर प्रवेशक्षमता) सांगू नका, हजर मुलं सांगा. निवडलेल्या दोन क्षेत्रांसाठी सगळ्या कॉलेजांनी शेवटच्या सत्राची इंटर्नशिप एकाच कालावधीत ठेवली, तर कंपनीला एका मुलाखतीच्या दिवशी आठ कॉलेजं मिळतात. प्राचार्य याला विरोध करतात, कारण चांगली मुलं दुसऱ्याच्या कॉलेजची निवडली जातील. पहिल्या वर्षी कॉलेजनिहाय निकाल जाहीर न करणं हा त्यावरचा उतारा.

अनुभवी माणसांची यादी याहून मोलाची. कुठल्याही नव्या ऑफिसला शंभरात पंधरा-वीस जण सात-आठ वर्षं अनुभवाचे लागतात आणि ते बरेचसे पुण्यात आहेत. कॉलेजांच्या माजी विद्यार्थी संघांमार्फत पाच प्रश्न पाठवा: मूळ गाव, सध्याचं काम, अनुभवाची वर्षं, परतायला कमीत कमी किती पगार हवा, जोडीदाराला नोकरी लागेल का. शेवटच्या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि परतणं मुख्यतः तिथेच अडतं. माहिती कंपनीला देणार असाल तर तशी स्पष्ट संमती घ्या, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. कंपनीला पहिल्या टप्प्यात नावं नाही, फक्त एकूण आकडे द्या.

पाहणीचा दिवस

पाहुणे मुंबईहून येणार असतील तर शिर्डी वंदे भारतने बोलवा. ती सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते आणि नऊच्या आसपास नाशिकरोडला येते. रस्त्याने येणाऱ्यांना समृद्धीचा आमणे-इगतपुरी टप्पा जून २०२५ पासून खुला आहे. एका दिवसात चारच थांबे ठेवा. आधी एखादं कॉलेज, तिथे अर्धा तास फक्त मुलांशी बोलणं, भाषण नाही. मग सातपूर किंवा अंबडमधली चालू कंपनी, तिच्या एचआरशी बंद दाराआड गप्पा, तुमचा एकही माणूस आत नको. जेवणानंतर दोन जागा, एक नाशकात आणि एक सिन्नर किंवा दिंडोरीला. परतीचा प्रवास मुद्दाम साडेपाच-सहाच्या गर्दीत करा. वाहतूक लपवलीत तर ती त्यांना पुढच्या भेटीत दिसेलच.

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ पूर्ण बंद. प्रत्येक थांब्यावर सत्काराची वीस मिनिटं गेली की चौथी जागा अंधारात बघावी लागते.

रात्रपाळीचं काम असेल तर एक प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतची वाहन व्यवस्था लागते. ज्या जागेच्या रस्त्यावर दिवे नाहीत ती जागा अशा कंपनीला दाखवू नका, आणि दाखवायची असेल तर आधी दिवे लावा. पालिकेच्या कामांपैकी सर्वात लवकर होणारं काम हेच आहे. नाशिक महापालिकेच्या सिटीलिंक बससेवेच्या काही बसेस हद्दीबाहेरही जातात. ऑफिसच्या वेळेला जुळणारी फेरी मागायची तर नुसतं निवेदन नको, किती प्रवासी, कुठल्या थांब्यावर, किती वाजता हा तक्ता सोबत जोडा.

भेटीनंतर तीन कामाच्या दिवसांत लेखी उत्तरं गेली पाहिजेत. 'माहीत नाही, दहा तारखेपर्यंत सांगतो' हेही चालतं, फक्त दहा तारखेला सांगा.

काय मोजायचं

सामंजस्य करारांतल्या गुंतवणुकीचे आकडे मोजू नका. ते कुणीच नंतर पडताळत नाही. मोजायचे आकडे चार: आलेल्या चौकशा, त्यातल्या प्रत्यक्ष भेटी, भाडेकरार झालेलं क्षेत्रफळ, आणि कंपनीने भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक विवरणात दाखवलेली माणसं. चौथा आकडा कंपनीकडून दर सहा महिन्यांनी स्वेच्छेने मागता येतो, बहुतेक देतात. चौकशा येतात पण भेटी होत नाहीत, तर उत्तरं उशिरा जात आहेत. भेटी होतात पण करार होत नाही, तर जागांची यादी खोटी आहे. करार होतात पण माणसं वाढत नाहीत, तर अनुभवी लोक परतत नाहीत. प्रत्येक दुखणं वेगळ्या टेबलावरचं आहे.

दुसऱ्या वर्षाअखेर, एकही भाडेकरार झाला नसेल तर अधिकारी बदलण्याआधी नकार दिलेल्या कंपन्यांना फोन करा आणि कारण विचारा. समितीतल्या कुणी नाही, बाहेरच्या माणसाने करायचा हा फोन. पहिल्या वर्षाच्या इतिवृत्तातच त्या माणसाचं नाव ठरवून ठेवा, कारण त्या वेळी कुणालाच तो फोन व्हावा असं वाटत नसतं.